पांढऱ्यावर पांढरं

(यवतमाळ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



चित्रकलेच्या शिक्षकाच्या नावानं व्याख्यानमाला चालते आणि ती ऐकायला एवढी माणसं येतात, हे आपल्या जिल्ह्याचं मला फार मोठं वाटतं. सरांनी मला आठवीत असताना पेन्सिल धरायला शिकवलं. त्यानंतर माझी सगळी नोकरी कापूस खरेदी केंद्रांवर ग्रेडर म्हणून गेली. एकाधिकार खरेदीच्या काळात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत कापसात हात घालून प्रत ठरवत राहिलो. बाकीच्या वेळात चित्रं काढली आणि पोरांना काढायला शिकवलं. नोकरी सांभाळून हे जमलं कसं, असं मला पुष्कळ जण विचारतात. विचारणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावर हार्मोनियम नाहीतर रंगांचा डबा वर्षानुवर्षं पडून असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज याच प्रश्नाचं उत्तर मी सविस्तर देणार आहे.

माझं उत्तर असं आहे. पोटासाठी दुसरं काम करावं लागतं त्याची कला शिकवण्यामुळं टिकते. स्वतःसाठी राखून ठेवलेली संध्याकाळ कुणीही घेऊन जातं. आज साक्षगंध, उद्या तेरवी, परवा ऑडिट, तेरवा पाहुणे. आपणच मनाशी म्हणतो, चित्र काय, पुढच्या आठवड्यात काढू. पण रविवारी सकाळी आठ वाजता चार पोरं ड्रॉइंग बोर्ड काखेत मारून ओसरीवर येऊन बसली, की घरचेसुद्धा म्हणतात, जा, पोरं आली. माझ्या हातातला ब्रश सुटला नाही तो या ओसरीवरच्या पोरांमुळं. जिद्द, शिस्त हे मोठे शब्द मला माझ्याबाबतीत खरे वाटत नाहीत.

नोकरी आणि कला यांचं वैर आहे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. यवतमाळात बसून हे ऐकताना मला नेहमी भाऊसाहेब पाटणकर आठवतात. वासुदेव वामन पाटणकर, जन्म १९०८, मृत्यू १९९७. याच शहरातले वकील, नावाजलेले शिकारी, आणि मराठीत शायरी स्वतंत्रपणे उभी करणारे शायर. दिवसा कोर्ट, हंगामात जंगल आणि रात्री मैफल. 'दोस्तहो' या नावाचं त्यांचं पुस्तक आजही जुन्या घरांतून निघतं. त्यांच्या शेरांत मला वकील दिसतो. पहिल्या ओळीत बाजू मांडायची, दुसरीत ती पक्की करायची आणि जिच्यावर निकाल फिरणार ती गोष्ट शेवटच्या शब्दापर्यंत हातची सोडायची नाही. हे कसब वकिलीनं घडवलेलं आहे, असं माझं मत आहे. शिकाऱ्याचा धीरही त्यात आहे. मचाणावर रात्र काढलेल्या माणसाला एका शब्दासाठी थांबायचं कसं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

भाऊसाहेबांनी वर्ग घेतले नाहीत. पण एक काम त्यांनी केलं आणि ते शिकवण्याचंच होतं. मराठीत शेर कसा ऐकायचा, दाद कुठं द्यायची, हसू कुठं आणि थांबायचं कुठं, हे त्यांनी महाराष्ट्रभर मैफली करून श्रोत्यांना शिकवलं. आधी श्रोता घडला, मग शायरी रुजली. इथं समोर बसलेल्यांपैकी काहींनी त्या मैफली ऐकल्या असतील. त्यांना विचारा, भाऊसाहेबांची वकिली आणि शायरी वेगवेगळी काढून दाखवता येते का.

आपल्या देशाबाहेरचंही एक नाव घेतो. आंरी रूसो हे फ्रेंच चित्रकार पॅरिसच्या जकात खात्यात नोकरीला होते. शहरात येणाऱ्या मालावर जकात वसूल करायची, हे त्यांचं काम. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतं. १८८६ पासून त्यांची चित्रं प्रदर्शनात लागू लागली आणि लोक त्यांना हसत. १८९३ मध्ये, पन्नाशीच्या आतच, त्यांनी नोकरी सोडली. पेन्शन तुटपुंजी होती, म्हणून त्यांनी संगीताच्या आणि चित्रकलेच्या शिकवण्या धरल्या. प्रौढांसाठी चालणाऱ्या एका संस्थेतही ते शिकवत. त्यांनी रंगवलेली गर्द जंगलं आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. ती त्यांनी पॅरिसच्या वनस्पती उद्यानात पानं पाहून काढली. फ्रान्सच्या बाहेर ते कधी गेले नाहीत. त्या शिकवण्यांत रूसो काय सांगत असतील, याचं मला फार कुतूहल आहे. ज्याला कुणी शिकवलं नाही त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, तर प्रत्येक गोष्ट कशी केली हे स्वतःशीच आधी उलगडावं लागणार.

तसं उलगडणं माझ्या वाट्याला कापसामुळं आलं. आता थोडं माझ्या कामाविषयी सांगतो.

ग्रेडरचं काम बाहेरून सोपं दिसतं. बंडी येते, आता ट्रॅक्टर येतो, वरचा कापूस बाजूला सारून हात खोल घालायचा. मूठ आवळायची आणि सोडायची. कोरडा कापूस लगेच फुलतो, ओला तसाच दबून राहतो. दोन्ही हातांच्या चिमटीत थोडा पुंजका धरून ओढायचा, धागे एकाशी एक लावून लांबी पाहायची. पत्ती किती, कवडी किती, हे पाहायचं. आणि रंग. रंग पाहण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पहिल्या वेच्याचा कापूस दुधाळ असतो. बोंडावर पाऊस पडलेला राखट दिसतो. किडीनं धरलेली कवडी पिवळी, कधी तांबूस. फरदडीच्या कापसाची कळा आणखी वेगळी. शेतकरी म्हणतो, साहेब, पांढराशुभ्र आहे. त्याचंही बरोबर असतं, कारण त्यानं तो शेतात काळ्या जमिनीवर पाहिलेला असतो. मी तो दुसऱ्या कापसाशेजारी ठेवून पाहतो. त्या फरकावर त्याच्या वर्षाचे पैसे ठरतात, म्हणून डोळा चुकवून चालत नाही. भल्या पहाटे गंजीकडं पाहिलं की ती निळसर असते, दुपारी तिच्याकडं बघवत नाही, सांजच्याला ती लालसर होते. पहाटे आणलेला आणि दुपारी आणलेला कापूस एकाच नजरेनं मोजायचा, तर आधी उजेड वजा करावा लागतो. हे मी चित्रकलेच्या पुस्तकात नंतर वाचलं. शिकलो ते खरेदी केंद्राच्या आवारात.

मग मी माझ्या वर्गात एक पाठ सुरू केला. पाटावर पांढरा ड्रॉइंग पेपर अंथरायचा, त्यावर ओंजळभर कापूस ठेवायचा आणि पोरांना म्हणायचं, काढा. पहिल्यांदा प्रत्येक पोर ढगासारखी एक रेघ काढतं आणि थांबतं. सर, झालं. आत काय भरायचं, कागद तर पांढराच आहे. अशा वेळी मी काही बोलत नाही. कापूस खिडकीपाशी सरकवतो आणि म्हणतो, कापूस काढू नका, कापसाच्या खाली काय दिसतं ते काढा. सावली काढायला लागले की कड आपोआप उमटते. मग सावलीच्या आतली फिकट सावली दिसते. धाग्यांची विस्कटलेली कड कुठं कागदात विरते, कुठं उठून दिसते, ते दिसायला लागतं. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद राखायचा असतो. हे तोंडानं शंभरदा सांगून कळत नाही, या पाठात एका सकाळी कळतं. एकदा आठवीतली एक पोरगी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "सर, याच्यात निळं हाये." तिच्या घरी तीन पिढ्या कापूस पिकत होता. निळं तिला त्या दिवशी दिसलं. मलाही पहाटेच्या गंजीत दिसणारं निळं कापसावर कुठं बसतं आणि का बसतं, हे तिला समजावून सांगताना नीट उमगलं. त्यानंतरची माझी चित्रं बदलली. शिकवण्यातून शिकवणाऱ्याला मिळतं ते हे आहे. हाताला येत असतं, पण कसं येतं हे सांगता येत नसतं. समोर शिकणारा बसला की ते सांगावं लागतं, आणि सांगितल्यावरच ते आपल्याला पुढं नेता येतं.

सरांकडून मी हेच घेतलं. सर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करून घेत. कला संचालनालयाच्या या परीक्षा महाराष्ट्रातल्या लाखो घरांना ठाऊक आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. यातल्या स्मरणचित्रावर सरांचा विशेष जीव. पोरं स्मरणचित्रात दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि नारळाचं झाड काढत. सर विचारत, यवतमाळ जिल्ह्यात नारळ कुठं पाहिलास? मग ते आम्हाला आठवडी बाजारात पाठवत. कागद न घेता. परत आल्यावर विचारत, तराजू धरलेल्या बाईचा दुसरा हात कुठं होता? पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना पिटाळत. कुणी बैलाची शिंगं रंगवतो, कुणी झूल शिवतो, सुतार तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवत बसलेला असतो. ते पाहून या, म्हणत. शेतात राबणारी माणसं त्या दिवशी रंग हातात घेतात आणि शेजारच्या पोराला शेपटीचा गोंडा कसा बांधायचा ते दाखवतात. सरांना ती चित्रशाळाच वाटे, आणि मलाही वाटते.

शिकवणाऱ्याचं काम किती थोडं आणि किती दूरवर जाणारं असू शकतं, याचं एक उदाहरण आपल्याच जुन्या प्रांतातलं आहे. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. तेव्हा ते आणि आपण एकाच प्रांतातले होतो. शाळेत त्यांचं लक्ष लागत नव्हतं. नंदलाल झारिया नावाच्या शिक्षकांनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि मुलाला त्याच्याकडं पाहत बसायला सांगितलं. पुढं रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मुंबईत एका ब्लॉक स्टुडिओत नोकरी करत चित्रं काढत राहिले, नंतर फ्रान्सला गेले. उतारवयात त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी तो बिंदू आला आणि ते स्वतः त्याचं श्रेय त्या शिक्षकांना देत. झारिया गुरुजी चित्रकार नव्हते. रानातल्या खेड्यातले शाळामास्तर होते. मुलाचं मन कुठं थांबवावं एवढंच त्यांना कळलं होतं.

शेजारच्या अमरावतीचे सुरेश भट तर शिकवण्याच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढं. 'गझलेची बाराखडी' ही छोटीशी पुस्तिका ते नव्यानं लिहिणाऱ्यांना पाठवत, आणि आलेल्या गझलांवर पत्रातून दुरुस्त्या कळवत. वृत्त कुठं मोडलं, काफिया कुठं घसरला, हे समोरच्याला समजेल अशा भाषेत. आज विदर्भातल्या तालुक्याच्या गावी शिक्षक, तलाठी, बँकेतले कर्मचारी नीट गझल लिहितात, त्यामागं ती पुस्तिका आणि ती पत्रं आहेत. ज्याच्या शब्दावर लोक जीव टाकत, त्या कवीला हे करायची काही गरज नव्हती. तरी त्यांनी केलं. म्हणून मराठी गझल एका माणसाबरोबर संपली नाही.

आणि सेवाग्राम. वर्धा नदी ओलांडली की पलीकडं. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली तिथं नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले. शाळेत मुलं शेती करत, सूत कातत, स्वयंपाक करत आणि चित्रं काढत. देवीप्रसाद स्वतः मातीची भांडी घडवणारे कलावंत. मुलानं नक्कल करू नये, मोठ्यांनी त्याच्या चित्रात हात घालू नये, यावर त्यांचा भर होता. पुढं मुलांची कला आणि शिक्षण यावर त्यांनी हिंदीत पुस्तक लिहिलं. मला त्यातलं एक फार जवळचं वाटतं: हातानं काम करणारं मूल आणि चित्र काढणारं मूल यांत त्यांनी भिंत उभी केली नाही. जे पोर सकाळी कापूस पिंजत होतं तेच दुपारी रंग कालवत होतं. आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ पोरं आजही सुटीच्या दिवशी कापूस वेचायला जातात. त्यांच्या हातांना चित्रकला परकी वाटायचं काही कारण नाही.

आता जिल्ह्याच्या शाळांकडं येतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचे अंशकालीन शिक्षक नेमायची तरतूद आहे, पण पटसंख्या शंभरच्या वर असेल तिथं. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी भागातल्या कोलाम-गोंड वस्त्यांतल्या शाळांचा पट आठवून पाहा. त्या शाळांत कलाशिक्षक कधी येणार? तिथं चित्रकला पोचवायची असेल तर आरोग्य केंद्रातली सिस्टर, पोस्टमन, एस.टी.चा वाहक, बँकेतला कारकून, यांच्यापैकी ज्याच्या हातात कला आहे त्यानंच ती पोचवायची आहे. मी बोलतोय ते अशा माणसांसाठी. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, ब ला पाच, क ला तीन. या गुणांसाठी पोरं येतात आणि त्यात काही वाईट नाही. सात गुणांसाठी आलेली पोरं सावली पाहायला शिकून जातात. माझी तक्रार दहावीनंतरची आहे. त्या दिवशी रंगपेटी बंद होते ती कायमची. माझ्या वर्गात एक आरोग्यसेविका येते, दोन लेकरांची आई. दहावीनंतर ब्रश हातात धरला नव्हता. लसीकरणाच्या दिवशी झाडाखाली बसलेल्या बायांची तिनं काढलेली रेखाटनं पाहून मी थक्क झालो. लेकराला मांडीवर धरताना खांदा कसा उतरतो, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. तिनं आता उपकेंद्राच्या गावात पाच-सहा मुली जमवल्या आहेत. तिची कला आता सुटणार नाही, अशी मला खात्री वाटते.

काही जण मला अडवून म्हणतात, ज्या जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं देशभर गेलं तिथं चित्रकलेचं काय घेऊन बसलात? हा प्रश्न मी कधीच झटकून टाकला नाही. ज्यांच्या मालाची प्रत मी ठरवली त्यांतली काही घरं मी नंतर पाहिली आहेत. चित्रानं कर्ज फिटत नाही, भाव वाढत नाही, आणि कलेनं माणसं वाचतात असा दावा मी करणार नाही. पण २०१९ च्या जानेवारीत याच यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. कळंब तालुक्यातल्या, शेतकरी नवरा गमावलेल्या, कष्ट करून लेकरं वाढवणाऱ्या बाई. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापेंनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी काम केलं होतं. त्या नाटकात रंगमंचावर उभ्या राहिल्या त्या अशाच एकल बाया. दिवसभर राबायचं आणि मग तालीम करायची. स्वतःच्या आयुष्यावर बोलायची भाषा त्यांनी तालमीत कमावली, आणि संमेलनाच्या मंचावरून त्या बोलल्या तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. या जिल्ह्याला कला परवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या तालमींचा विचार करावा. ज्यांना सगळ्यात कमी परवडत होतं त्यांनीच वेळ काढला.

वेळेविषयी एक व्यवहाराचं सांगतो. रोज एक तास, हा सल्ला आपल्याकडं चालत नाही. आपलं वर्ष हंगामाचं आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत मी खरेदी केंद्रावर असायचो, रात्री दहाला घरी. त्या महिन्यांत चित्र होत नसे, खिशातल्या पावतीच्या पाठीवर एखादी रेघ. मृग लागला की माझे दिवस मोकळे होत. पूर्वी ग्रेड परीक्षा सप्टेंबरच्या सुमारास यायच्या, म्हणून जून ते सप्टेंबर वर्ग जोरात चाले. शिक्षकाला उन्हाळा मोकळा असतो, बँकेतल्या माणसाचा मार्च गेला की एप्रिल. ज्यानं त्यानं आपल्या कामाचं वर्ष पाहून वर्ग लावावा आणि उरलेल्या महिन्यांबद्दल मनाला खात बसू नये. फी घ्यावी का? घ्यावी, परवडेल त्याच्याकडून, आणि त्यातून बाकीच्यांचे कागद आणावेत. पाच विद्यार्थ्यांनी सुरुवात करावी. पन्नास झाले तर वर्ग होतो, पण कुणाचं चित्र बघणं होत नाही.

शेवटी व्याख्यानमालेच्या मंडळाकडं आणि इथं बसलेल्या संस्थाचालकांकडं एक मागणं मांडतो. आम्हाला अनुदान नको, पुरस्कार नको. तालुक्याच्या प्रत्येक गावी शाळेची एक खोली रविवारी सकाळी उघडून द्या. उत्तरेकडं खिडकी असेल तर उत्तम, तो उजेड सकाळभर बदलत नाही. पाण्याची एक बादली आणि खोलीची किल्ली, एवढं पुरे. सरांच्या नावाचा जो निधी जमला आहे त्यातून पहिल्या वर्षी दारव्हा, घाटंजी आणि पांढरकवडा या तीन गावी कागद आणि रंग द्यावेत. शिकवणारी माणसं मी शोधून देतो, त्यातली काही आज या सभागृहातच बसली आहेत. दुपारी फरशी पुसून, बाकं जागच्या जागी लावून किल्ली परत देण्याची हमी आम्ही लिहून देऊ.